बाह्य भार

पहिला कागद आला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. प्रिंटर आहे म्हटल्यावर कागद येणारच.

माती आणि पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत नवा प्रिंटर बसून जेमतेम तीन तास झाले होते. रजिस्टरकाकांच्या टेबलाला खेटून त्याची स्थापना झाली होती. सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला त्याने घसा साफ केल्यासारखा आवाज केला, एक कागद बाहेर सरकवला आणि तो गप्प झाला. कागद जवळजवळ कोरा होता. डाव्या कोपऱ्यात फक्त एक आकडा: ४५७०.

रजिस्टरकाका म्हणजे आवक-जावक सांभाळणारे कारकून. आजवर एकही कागद त्यांच्या हातून क्रमांकाशिवाय सुटलेला नव्हता. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही ते आधी आवक क्रमांक टाकत आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवत, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं.

"कोणी काढलंय हे?" त्यांनी विचारलं.

कोणीच काढलं नव्हतं. काकांनी कागद चुरगळायला घेतला आणि त्यांचा हात अर्ध्यावर थांबला, कारण समोरून दशांशबाई येत होत्या.

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. एकदा कोणाच्या तरी निरोप समारंभात त्यांनी केकचे बावीस तुकडे केले. ते इतके सारखे झाले की दोन जणांनी हसत हसत तराजू आणला आणि मग हसायचे थांबले. तेव्हापासून त्या दशांशबाई. एकोणीस वर्षं माती चाळल्यावर, दहा महिन्यांपूर्वी त्या 'गुणवत्ता प्रमुख' झाल्या होत्या. पद मिळाल्यावर इतर लोक पडदे बदलतात. बाईंनी नियमावली बदलली. त्यातलं कलम चौदा, उपकलम क, असं होतं: 'प्रयोगशाळेत छापला गेलेला प्रत्येक आकडा हे मूळ निरीक्षण समजावे. ते कोणत्याही कारणास्तव नष्ट करू नये. कागद प्रथम ज्याच्या हाती येईल त्याने त्यावर तारीख, वेळ व सही करून तो क्रमांकासह जतन करावा.'

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "आकडा आहे त्याच्यावर."

"कशाचा आहे पण, मॅडम?"

"ते नंतर कळेल. वेळ लिहा."

काकांनी कागद मांडीवर सपाट केला, वेळ लिहिली, सही केली. क्रमांक एक.

दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी क्रमांक दोन आला: १२७७०. तीन वाजून दोन मिनिटांनी क्रमांक तीन: ४५२०. मंगळवारी सकाळी काका आले तेव्हा ट्रेमध्ये दोन कागद त्यांची वाट बघत पडले होते. त्यांच्यावर काकांनी 'सकाळी सापडले' असं लिहिलं. आठवडा संपेपर्यंत क्रमांक एकोणतीसपर्यंत गेला आणि काकांनी त्यासाठी वेगळी फाइल उघडली. फाइलवर विषय लिहावा लागतो. काकांनी बराच विचार करून लिहिलं: 'अज्ञाताकडून प्राप्त'.

प्रिंटरवाला तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने प्रिंटर पुसला. दुसऱ्यांदा सगळ्या कॉम्प्युटरांकडून येणारी नेटवर्कची वायर काढून ठेवली, हात झटकले आणि म्हणाला, "आता छापून दाखव म्हणावं." तो चहा पीत असतानाच प्रिंटरने छापून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने आतलं एक हिरवं कार्ड बदललं. कार्ड बदलल्यावर प्रिंटर आधीपेक्षा स्पष्ट अक्षरात छापू लागला.

"मॅडम, खरं सांगू? काही मशीनचा स्वभावच असतो."

"स्वभावाचा सुटा भाग मिळतो का?" बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. प्रिंटरवाल्याला मात्र तो टोमणा वाटला आणि तो पुढचे आठ दिवस फोन उचलेना.

प्रिंटर बंद करून ठेवावा, तर प्रयोगशाळेत प्रिंटर एकच. तपासणीचे सगळे अहवाल त्यातूनच निघायचे. तरीही बाईंनी मुख्यालयाला पत्र लिहून दुसरा प्रिंटर मागितला आणि कारणाच्या रकान्यात 'सध्याचा प्रिंटर स्वतःहून छपाई करतो' असं सरळ लिहिलं. मुख्यालयाचं उत्तर चार दिवसांत आलं. प्रिंटरला स्वतःहून छपाई करण्यास कोणी प्राधिकृत केले, त्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा तीन प्रतींत कळवावा.

इकडे ऑफिसात विद्वत्तेला पूर आला होता. टायपिस्टचं मत पडलं की हे आकडे म्हणजे कुठला तरी गुप्त क्रमांक आहेत. भिंतीपाशी एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या आकड्यांच्या कुलपाचा क्रमांक दोन वर्षांपूर्वी सगळे विसरले होते. जेवणाच्या सुट्टीत टायपिस्ट फाइल घेऊन तिथे उभी राही आणि एकेक आकडा फिरवून बघे. बाईंनी तिला समजावलं की कपाटाला प्रिंटरची आणि प्रिंटरला कपाटाची काहीही माहिती असण्याचं कारण नाही. चौतिसाव्या आकड्याला कुलूप उघडलं.

आत वाळलेलं शाईचं पॅड, एक छत्री आणि साहेबांची हरवलेली चष्म्याची डबी निघाली. त्यानंतर त्या ऑफिसात विज्ञानाचं कोणी ऐकेना. चार आकडी कुलपावर चार आकडी संख्या फिरवत राहिलं की कधी ना कधी योग जुळतो, तो लवकर जुळला एवढंच, हे बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. लोकांनी ते आदराने वाचलं आणि आपापल्या घरच्या बॅगांची कुलपं घेऊन टायपिस्टपुढे रांग लावली.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक. निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, गोल चेहऱ्याचे आणि कायम कोणीतरी आपल्याला हाक मारणार आहे अशा चेहऱ्याने बसणारे.

"मॅडम, पुढच्या शुक्रवारी मान्यतेची तपासणी आहे."

"हो. तयारी झाली आहे."

"त्या फाइलीची पण?"

बाईंनी टेबलावरचा एक कागद सरळ केला.

"सत्त्याऐंशी निरीक्षणं," साहेब म्हणाले, "आणि कशाची ते आपल्याला माहीत नाही. तपासनीस विचारणार. मला मुख्यालयाचा फोन आला होता. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर गुणवत्तेची खुर्ची त्यांच्याकडच्या माणसाला द्यायची म्हणतात. मी नाही म्हणत, ते म्हणतात."

"कागद ठेवायचा नियम माझाच आहे, सर."

"म्हणून तर म्हणतो. एखादी फाइल… म्हणजे हरवतातच की फायली."

"आपल्याकडे हरवत नाहीत," बाई म्हणाल्या. हे त्यांनी अभिमानाने म्हटलं नाही. ते एक निरीक्षण होतं आणि त्या क्षणी फारसं सोयीचं नव्हतं.

त्या शनिवारी बाई फाइल घरी घेऊन आल्या. रीतसर सही करून आणली हे सांगायला नकोच. जेवणाचं टेबल पुसून त्यांनी त्याच्यावर आलेखाचे कागद जोडून पसरले आणि एकेक आकडा टिंबाने मांडायला सुरुवात केली.

"बंद करून परत चालू केला का?" नवऱ्याने विचारलं.

"केला."

"आणि प्लग काढून?"

"काढला."

"मग मला माहीत नाही," तो म्हणाला आणि आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणाऱ्या माणसासारखा पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसला. बाईंना तो फार आवडायचा तो अशा वेळी.

मग खालच्या मजल्यावरचे टेलिफोनवाले काका वर आले. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. वायर हा शब्द त्यांच्या कानावर पडला की जिना चढताना गुडघे दुखत नसत. त्यांनी दीड तास सल्ला दिला. त्यात एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी आपोआप वाजणाऱ्या टेलिफोनची हकिकत होती, दुसऱ्या एका न वाजणाऱ्या टेलिफोनची होती आणि एक टेलिफोन नसलेल्या माणसाची होती. मधेच कुठेतरी ते म्हणाले, "तुला सांगतो पोरी, वायरीचं हे टोक बघून काही कळत नाही. दुसरं टोक बघावं." तेवढं एक वाक्य बाईंनी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या आधीच्या पन्नास मिनिटांत त्यांनी ऐकणं सोडून नुसतं मान हलवणं सुरू केलं होतं.

आलेख पुरा झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाई लांब उभ्या राहून बघू लागल्या. खाली करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती. पन्नास-पन्नासने हळूहळू उतरायची आणि एकदम पाचशेने वर उडी मारायची, पुन्हा उतरायची, पुन्हा उडी. आणि त्या दात्यांच्या मधून, कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी दुपारी, एक उंचच उंच मनोरा सरळ वर जायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने तसाच सरळ खाली यायचा.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो त्यांनी आलेखावरच ठेवला आणि बाईंनी तो उचलेपर्यंत आकडे वाचून काढले. सासूबाईंची शाळा सातवीत सुटली होती, पण वाचायला मिळालेली कुठलीही गोष्ट त्या सोडत नसत.

"कोणाचं वजन आहे गं हे?"

"वजन नाही, आई. नुसते आकडे आहेत."

"नुसते कसे? आठवड्यातून दोनदा कोणीतरी दाबून दाबून जेवतंय, आणि मधे रोज थोडं थोडं वाळतंय. काय खायला घालता तुम्ही तिथे?"

बाई तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षं माती वाळवून तिचं वजन करणाऱ्या बाईला ही रेघ ओळखू आली नव्हती. त्यांनी पुन्हा पाहिलं. उन्हाच्या दिवसांत उतार जास्त, ढगाळ दिवसांत कमी, रात्री सगळ्यात कमी. उड्या मात्र ठरलेल्या. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाच्या आत.

"पाणी," बाई म्हणाल्या. "कोणीतरी कशाला तरी पाणी घालतंय."

"आणि हे लांबडं दुपारचं?" सासूबाईंनी मनोऱ्यावर बोट ठेवलं. "अडीच ते तीन. ही तर माझी आडवं व्हायची वेळ."

"आई, ऑफिस आहे ते."

"हो, म्हणजे तिथेच जास्त गरज."

रविवारी बाईंनी मनोऱ्यांचा वेगळा तक्ता केला. मनोरा रविवारी नसतो. दुसऱ्या आठवड्यात मंगळवार, बुधवार आणि गुरुवार असे तीन दिवस नव्हता. सोमवारी त्यांनी हजेरीपुस्तक उघडून त्या तीन दिवसांत कोण गैरहजर होतं ते पाहिलं. एकच नाव निघालं. बाईंनी तक्ता पुन्हा केला, तेच नाव निघालं. तिसऱ्यांदा केला. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'नमुना अपुरा, निष्कर्ष काढू नये', आणि वही मिटली. काही निष्कर्ष असे असतात की ते काढण्याआधी माणसाने आपल्या नोकरीकडे एकदा बघून घ्यावं.

सोमवारची उडी मात्र त्यांच्या हातून निसटली. साडेनऊला मुख्यालयाचा फोन आला, त्या अधिकाऱ्याचे नाव तीन प्रतींत का आले नाही म्हणून, आणि तो संपेपर्यंत प्रिंटरने ४६१० छापून टाकला होता. उरला गुरुवार. शुक्रवारी तपासणी.

बुधवारी संध्याकाळी फायली आवरताना त्यांना स्वतःच्या अक्षरातल्या सूचनांची एक जुनी स्थळप्रत सापडली. दहा महिन्यांपूर्वी बढतीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना एक मोठी कुंडी भेट दिली होती, हिरव्यागार रुंद पानांची. ती केबिनमध्ये कोमेजायला लागली म्हणून बाईंनी सफाईच्या ताईंना चिठ्ठी दिली होती: 'कुंडी भरपूर उजेडात, कोणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. सोमवारी व गुरुवारी सकाळी अर्धा लिटर पाणी घालावे. कमी नको, जास्त नको.' त्यानंतर कामाच्या धबडग्यात त्या कुंडीला साफ विसरल्या होत्या.

बाई त्या रात्री नीट झोपल्या नाहीत. कुंडी प्रिंटरला काय सांगणार, हे त्यांना कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला त्या ताईंच्या मागे मागे निघाल्या. ताईंच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली होती आणि बाटलीवर पेनाने खूण केलेली होती. ताई जुन्या नमुना खोलीत गेल्या. मातीच्या गोण्या नव्या इमारतीत जायला लागल्यापासून ती खोली बंदच असे. मोठी खिडकी, भरपूर ऊन, एक आरामखुर्ची, एक कपाट, आणि खुर्चीच्या पुढ्यात चादर घातलेला एक बुटका, रुंद चौथरा. त्याच्या एका कडेला कुंडी. दहा महिन्यांत तिने छान अंग धरलं होतं.

ताईंनी बाटली रिकामी केली. भिंतीपलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रजिस्टरकाकांचा, "आला बघा, चार हजार सहाशे वीस."

"ताई, ही चादर कोणी घातली?"

"मीच. उघडं बरं दिसत नव्हतं, मॅडम. धूळ बसायची."

बाईंनी चादर वर केली. खाली मोठा वजनकाटा होता, गोण्या तोलायचा. त्याचा आकडे दाखवणारा पडदा विझला म्हणून तो आठ महिन्यांपूर्वी भंगारात काढला होता. भंगाराच्या कागदावर सही बाईंचीच होती. पण भंगारवाला म्हणे, आधी वायरमनने जोडणी काढल्याचा दाखला द्या. आणि वायरमन म्हणे, यादीत नसलेल्या वस्तूला मी हात कसा लावू? म्हणून कागदोपत्री नसलेला तो काटा प्रत्यक्षात मात्र चालू होता. डोळे गेले तरी त्याचं काम थांबलं नव्हतं. वजन पन्नास ग्रॅमने बदललं आणि स्थिर झालं की तो आकडा छापायला पाठवायचा. आठ महिने त्याचा आकडा घ्यायला कोणी नव्हतं. नव्या प्रिंटरने तो घेतला.

बाईंनी तिथूनच प्रिंटरवाल्याला फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"भिंतीतून आलेली एक जाड वायर तुम्ही प्रिंटरला जोडलीत का?"

"हो, मॅडम. तुम्हीच म्हणाला होतात ना, एकही वायर लोंबकळता कामा नये. ती लोंबकळत होती. मापाचं भोक दिसलं, लावून टाकली."

बाईंनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. कागद जपायचा हुकूम त्यांचा. वायर न लोंबकळण्याचा हुकूम त्यांचा. कुंडीला उजेड आणि मोजून पाणी, हाही त्यांचा. तिन्ही हुकूम अक्षरशः पाळले गेले होते. आयुष्यभर त्यांची तक्रार होती की लोक सांगितलेलं नीट करत नाहीत.

कारण सापडलं होतं, पण उद्या तपासनिसांना दाखवायचं तर वायर कुठून कुठे जाते याचा नकाशा हवा. दुपारी दोनला बाई टॉर्च घेऊन खोलीत आल्या आणि वायर शोधत शोधत कपाटाच्या मागे, भिंतीतल्या फटीत शिरल्या. आत गेल्यावर लक्षात आलं की शिरणं सोपं होतं, निघणं तितकं नाही. त्या तिरक्या होऊन सुटण्याचा प्रयत्न करत असतानाच दार उघडलं, बंद झालं आणि कडी लागली.

साहेब होते.

त्यांनी बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. आरामखुर्चीत बसले आणि दोन्ही पाय उचलून चौथऱ्यावर, कुंडीच्या शेजारी ठेवले. मोज्याला अंगठ्यापाशी एक छोटं भोक होतं.

बाईंना खोकावं की श्वास रोखावा ते कळेना. दोन्हींपैकी एक करायला हवं होतं आणि योग्य क्षण पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून गेला. त्यानंतर प्रत्येक मिनिटाला बाहेर येणं जास्त जास्त अशक्य होत गेलं.

"उद्या," साहेब कुंडीला म्हणाले, "उद्याचा एक दिवस काढ रे बाबा."

कुंडी काही बोलली नाही.

"मुख्यालय मला विचारतं, मी बाईंना विचारतो. मला कोणी सांगत नाही. ती बाई बरोबर असते, हाच वैताग आहे. तिला काढून दुसरा कोणी आणून बसवला, तर मी झोपणार कसा? आत्ता निदान खात्री असते की कोणीतरी बघतंय."

कपाटामागे कोळिष्टकांत अडकलेल्या बाईंना या वाक्याचं काय करावं ते समजलं नाही. एकोणीस वर्षांत साहेबांनी केलेली ही पहिली स्तुती होती आणि ती एका कुंडीला सांगितली गेली होती.

साहेबांचे पाय हळूहळू सैल पडले. श्वास लांब झाला. पाय हलायचे पूर्ण थांबले आणि भिंतीपलीकडे प्रिंटर खाकरला. बाईंनी सवयीने घड्याळ पाहिलं: दोन सत्तावीस. म्हणजे काटा फक्त स्थिर वजन छापायचा. साहेबांना गाढ झोप लागली की मगच. साडेतीन आठवडे ही प्रयोगशाळा आपल्या संचालकांची झोप मिनिटामिनिटाने नोंदवत होती, आणि प्रत्येक नोंदीखाली रजिस्टरकाकांची सही होती.

पस्तीस मिनिटांनी साहेब उठले, बूट घातले, कुंडीच्या एका पानावरची धूळ बोटाने पुसली आणि गेले. मगच बाई बाहेर आल्या. साडीला खिळ्याने ओरबाडलं होतं आणि केसांत जाळं होतं. प्रिंटर पुन्हा एकदा वाजला. शेजारच्या खोलीत काकांनी क्रमांक एकशे अकरा घातला.

शुक्रवारी तपासनीस आल्या. पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या बाई, बरोबर स्वतःची पेन्सिल. दुपारपर्यंत त्यांनी सगळं पाहिलं, कशालाच मान हलवली नाही आणि शेवटी हात पुढे केला. "ती फाइल."

काकांनी फाइल दोन्ही हातांनी दिली. साहेब बाईंच्या शेजारी बसले होते, हात मांडीवर घट्ट धरून.

दशांशबाईंनी सगळं सरळ सांगितलं. भंगारातला काटा, वायर, कुंडी. तिन्ही सूचना आपल्या आहेत हेही सांगितलं, आणि तिन्हींखाली रेघ मारून तारखा दाखवल्या. तपासनीस आलेखावरून पेन्सिल फिरवत ऐकत होत्या.

"दाते समजले," त्या म्हणाल्या. "आणि हे? रोज दुपारी सव्वाआठ किलो कुठून येतात?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

दशांशबाईंनी आयुष्यात कधी आकडा लपवला नव्हता. लपवायचा कसा, हे त्यांना येतही नव्हतं.

"बाह्य भार," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"एकाच स्रोताचा. आठ किलो दोनशे ग्रॅम, पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे. काट्याला इजा नाही, कुंडीला इजा नाही. अहवालांवर परिणाम नाही, कारण हा काटा कुठल्याच तपासणीत वापरला जात नाही. स्रोत मला माहीत आहे. नाव लिहिणं नियमात बसत असेल तर लिहीन, पण कलम चौदा फक्त आकडा, वेळ आणि सही मागतं."

तपासनिसांनी नियमावली उघडून कलम चौदा वाचलं. सावकाश, दोनदा.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"नीट लिहिलंय." मग त्यांनी पहिल्यांदा साहेबांकडे पाहिलं. चष्म्याकडे, आणि उगाचच थोडं खाली, बुटांकडे. "हा भार पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार?"

"मी देतो," साहेब एकदम म्हणाले. "मी स्वतः लक्ष ठेवीन तिथे."

"तुम्ही तिथून लांब राहिलात तरी पुरेल," तपासनीस म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

मान्यता मिळाली. अहवालात एकच शेरा होता: 'नोंदी आदर्श. तथापि एकशे चौदा निरीक्षणे ज्याची आहेत तो नमुना नोंदणीकृत नाही. त्यास क्रमांक द्यावा.' रजिस्टरकाकांनी त्याच संध्याकाळी शिक्का आणला आणि कुंडीच्या पोटावर असा हाणला की आतली माती हलली. साडेतीन आठवडे त्यांना ज्या अज्ञाताचा त्रास झाला होता त्याला क्रमांक मिळाला होता. फाइलवरचं 'अज्ञाताकडून प्राप्त' खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कुंडी'.

साहेबांनी मुख्यालयाला फोन केला, दार लावून. बाहेर एवढंच ऐकू आलं, "नाही, माणूस पाठवू नका. आमच्याकडे आहे."

सोमवारी सकाळी दशांशबाई लवकर आल्या. वायर त्यांनी आपल्या हाताने काढली आणि तिच्या टोकाला 'काढली' अशी चिठ्ठी बांधून, न लोंबकळेल अशी, खिळ्याला अडकवली. कुंडी आपल्या केबिनच्या खिडकीत नेली. मग नमुना खोलीत, आरामखुर्चीच्या पुढ्यात, त्यांनी घरून आणलेलं एक साधं लाकडी स्टूल ठेवलं. पायांच्या उंचीचं, बरोबर मोजून. त्यावर एक लहान चिठ्ठी चिकटवली: 'या वस्तूवर ठेवलेल्या भाराची नोंद होत नाही.' खाली तारीख आणि सही.

त्या दुपारी ऑफिसात नेहमीपेक्षा जरा शांत वाटत होतं. अडीचच्या सुमाराला रजिस्टरकाकांनी पेन उचललं, प्रिंटरकडे बघितलं आणि वाट पाहिली. प्रिंटर गप्प होता. भिंतीपलीकडून मात्र, कान दिला तर, एक लांब, संथ श्वास ऐकू येत होता. काकांनी घड्याळ पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दुपारी २.२७. कागद आला नाही.' आणि सही केली.